टॉवर दिसतो, पण रेंज येत नाही : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

वऱ्हाडातून आणि झाडीपट्टीतून मोबाइलच्या रेंजबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. नावं वगळून फक्त तालुका दिला आहे.

उत्तरांत सिग्नलची ताकद सांगणारा ‘डीबीएम’चा आकडा वारंवार येईल, म्हणून तो कसा बघायचा ते आधी सांगतो. फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ उघडलं की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’समोर उणे ९८ डीबीएम असा काहीतरी आकडा दिसतो. काही फोनांत तो तिथे नसतो. अशा बऱ्याच फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं की सापडतो. ४जीसाठी उणे ८५ किंवा त्याहून वर म्हणजे चांगली रेंज. उणे १०० पर्यंत काम भागतं, उणे ११० च्या खाली कॉल तुटायला लागतात आणि उणे १२० च्या आसपास संपर्क सुटतो. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. म्हणून उणे ९५ आणि उणे १०५ यांतला फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे.

प्रश्न : संत्र्याच्या वावरातच घर आहे, टिनपत्र्याचं. टावर गावात, ६ किलोमीटरवर. अंगणात दोन दांड्या येतात, घरात काहीच नाही. दुकानदार म्हणतो बूस्टर लावा. लावू का?
— कास्तकार, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : बूस्टर लावू नका. मोबाइल कंपनीच्या परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचंही नुकसान होतं. बूस्टरचा बाहेरचा अँटेना आणि आतला अँटेना यांच्यात पुरेसा आडोसा नसला, तर तो स्वतःचाच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवत बसतो. लग्नाच्या मांडवात माइक भोंग्यासमोर गेला की शिट्टी वाजते, तसंच. ती शिट्टी टॉवरच्या रिसीव्हरपर्यंत जाते आणि त्या दिशेच्या सगळ्या गावांचे कॉल तुटायला लागतात.

तुमची अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे टिनपत्रा. धातूच्या पत्र्यातून रेडिओ लहरी जवळपास जातच नाहीत. घरात जे येतं ते दार, खिडकी आणि पत्र्याखालच्या फटींतून. दुसरी अडचण अंतराची आहे, पण लोक समजतात तशी नाही. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो, तुमचा टॉवरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे दोन दांड्या दिसतात आणि व्हॉट्सअॅपचा फोटो मात्र फिरत राहतो.

त्यात कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, सिग्नल येतोय हेही बघा. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, २३०० ची लवकर विरते. मोकळ्या जागेतसुद्धा त्याच अंतरावर २३०० मेगाहर्ट्झचा सिग्नल ८५० पेक्षा ८.६ डीबीने कमी भरतो, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा. झाडं आडवी आली की फरक आणखी वाढतो. ‘नेटमॉन्स्टर’सारखं अॅप फोन कोणत्या बँडवर आहे ते दाखवतं : बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड ४० म्हणजे २३००, बँड २८ म्हणजे ७००. वावरात राहणाऱ्याने सिम निवडताना जाहिरातीतला वेग बघू नये. आपल्या अंगणात कोणत्या कंपनीचा ५, ८ किंवा २८ नंबरचा बँड पोचतो ते बघावं. पाहुण्यांचे फोन घेऊन हे दहा मिनिटांत कळतं.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकट उपाय करून बघा. जुना स्मार्टफोन घराबाहेर, सावलीत, जमिनीपासून ८-१० फुटांवर ठेवा, हॉटस्पॉट सुरू करा आणि घरातला फोन त्याच्या वायफायला जोडा. घरातल्या फोनवर ‘वायफाय कॉलिंग’ चालू केलं की साधे कॉलही त्याच वाटेने जातात. मे महिन्यात पत्र्यावर उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि बॅटरी फुगते, म्हणून सावलीचा आग्रह.

हे जमलं, तर कायमचा उपाय म्हणजे बाहेर लावायचा ४जी राउटर. त्याला आउटडोअर सीपीई म्हणतात. दिशादर्शक अँटेना त्याच्या डब्यातच असतो. घेताना डब्यावर बँड ५, ८ आणि २८ छापलेत का ते वाचा. स्वस्त डब्यांत नेमके तेच नसतात. दोन इंची जीआय पाइपवर तो संत्र्याच्या शेंड्याच्या वर जाईल असा लावा. तुमची झाडं १५-१८ फुटांची असतील तर २२-२५ फूट धरा, आणि तीन दिशांनी ताणतारा द्या. वरून घरात आउटडोअर कॅट-६ केबल आणा. तिच्यातूनच वीज वर जाते आणि डेटा खाली येतो. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

दुकानदार दुसरा पर्याय देईल : अँटेना वर, राउटर घरात, मधे काळी गोल केबल. तिथे फसगत होते. आरजी-५८ जातीची केबल १५ मीटर वापरली तर ८५० मेगाहर्ट्झवर सुमारे ७ डीबी आणि २३०० वर १२-१३ डीबी केबलच खाते. अँटेना ९-१० डीबी कमावतो, केबल तेवढेच किंवा त्याहून जास्त उडवते, आणि कास्तकार म्हणतो अँटेना खराब निघाला.

दिशा लावताना राउटरच्या पानावर डीबीएमसोबत ‘एसआयएनआर’ हा आकडा बघा. सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते तो सांगतो. पाइप एका वेळी १५ अंश फिरवा, एक मिनिट थांबा, दोन्ही आकडे वहीत लिहा. एसआयएनआर २० च्या वर उत्तम, १० चालतो, ५ च्या खाली रडतो. जिथे डीबीएम सगळ्यात चांगला तिथे एसआयएनआर सगळ्यात चांगला असेलच असं नाही. अशा वेळी एसआयएनआरचं ऐका. जवळचा टॉवर गर्दीचा किंवा टेकाडाआड असेल, तर लांबचा मोकळा टॉवरही चांगला निघतो.

प्रश्न : आमच्या शाळेत ४ किलोमीटरवरच्या गावातून ५ गिगाहर्ट्झची वायफाय लिंक एप्रिलमध्ये लावली. दोन महिने छान चालली, जुलैत मेली. कंपनीचा माणूस म्हणतो पावसामुळे. पाऊस थांबला तरी चालत नाही.
— शिक्षक, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : दोष पावसाचा नाही, सागाचा आहे. टॉवरांमधल्या १८ किंवा २३ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लिंकला जोराचा पाऊस बाधतो. ५ गिगाहर्ट्झला ४ किलोमीटरवर तो जवळपास कळतही नाही. पण एप्रिलमध्ये मेळघाटातला साग निष्पर्ण असतो. जूनच्या पावसानंतर त्याला सुपाएवढी पानं येतात, तीही ओली. लिंक लावणाऱ्याला उन्हाळ्यात समोरचं गाव दिसलं आणि त्याने ‘नजर मोकळी’ असं लिहून दिलं. जंगलपट्टीत लिंकची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात करावी. ती उन्हाळ्यातच करावी लागली, तर झाडाच्या काडीला भिंत समजून उंची ठरवावी.

नुसती नजर मोकळी असूनही भागत नाही. दोन अँटेनांमध्ये लहर सरळ रेषेत जात नाही. मध्यभागी फुगणाऱ्या काकडीसारखी जागा घेते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ४ किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झसाठी मध्यावर या काकडीची त्रिज्या ७.२ मीटर येते आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे ४.३ मीटर, मोकळा लागतो. वाटेतल्या सगळ्यात उंच शेंड्यापेक्षा रेषा किमान साडेचार मीटर वर हवी. झाडं अजून वाढतात, म्हणून आम्ही सहा मीटर धरायला सांगू.

तुमची लिंक किती अडली आहे ते आकड्यावरून ताडता येतं. दोन्ही टोकांना २३ डीबीआयच्या (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचं माप) डिश आणि रेडिओ १३ डीबीएमवर असेल, तर ४ किलोमीटरवर हिशेबाने उणे ६१ च्या आसपास सिग्नल यायला हवा. उणे ६५ आला तरी ठीक. उणे ७५ किंवा उणे ८० दिसत असेल, तर पानं आडवी आहेत किंवा डिश बाजूच्या पाकळीवर जुळली आहे. डिशचा मुख्य झोत अरुंद असतो आणि त्याच्या बाजूला कमकुवत पाकळ्या असतात. घाईत जुळवणारा पहिल्या पाकळीवरच बोल्ट आवळतो. डिश दोन्ही बाजूंना १५-२० अंश सावकाश फिरवली की खरं शिखर सापडतं.

शाळेचा पाइप आणखी सहा-सात मीटर वाढवता येत नसेल, तर मधल्या टेकडीवर रिले, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं ठाणं, लावावा लागेल. जागा वनविभागाची असेल तर आधी परवानगी. रिलेला दोन रेडिओ, प्रत्येकी सुमारे ८ वॅट, म्हणजे दिवसाला ३८४ वॅट-तास लागतात. पावसाळ्यात मेळघाटात पॅनेलला दिवसाकाठी अडीच तासांचंच पूर्ण ऊन मिळतं असं धरा. त्यातला तीस टक्के भाग गळतीत जातो. म्हणून २२०-२५० वॅटचं पॅनेल हवं. अनेकांनी लावलेलं १०० वॅटचं पॅनेल मार्चमध्ये पुरतं, जुलैत नाही. १२ व्होल्ट ७५ अॅम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडा; त्या अर्ध्यापर्यंतच वापरल्या तरी दोन दिवसांहून जास्त ढगाळ हवा निभते. इथे एक खाच आहे. २४ व्होल्टची बॅटऱ्यांची बँक चार्ज होताना २८-२९ व्होल्टवर जाते. रेडिओ तेवढा व्होल्टेज झेलतो का ते त्याच्या पुस्तिकेत बघा, नाहीतर मधे २४ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर टाका. आणि केबल पाइपातून न्या. वानरं लोंबती केबल शिल्लक ठेवत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे सरकारी योजनेतून बीएसएनएलचा ४जी टावर उभा झाला. काहींच्या बीएसएनएल सिमवर ४जी येतं, काहींच्या येत नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या सिमवर तर ‘नो सर्व्हिस’.
— आशा कार्यकर्ती, एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : दोन्ही गोष्टींचा बहुधा टॉवरशी संबंध नाही. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ आणि बँड १ वर चालतं. जुन्या किंवा अगदी स्वस्त फोनांत बँड २८ नसतो आणि जंगलात लांब जाणारा तोच असतो. फोनच्या मॉडेलची माहिती काढून बँड तपासा. फोन ठीक असेल तर सिम बघा. जुनं २जी-३जीचं सिम ४जीवर चढत नाही. सेवा केंद्रात तोच नंबर ४जी सिमवर बदलून घ्यावा लागतो. नंतर नेटवर्क मोड ‘४जी/३जी/२जी ऑटो’ ठेवा, व्होएलटीई (४जीवरून कॉल) चालू करा आणि एपीएनमध्ये, म्हणजे नेटच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये, bsnlnet हे इंग्रजी अक्षरांतलं नाव (बीएसएनएलनेट, मधे जागा न सोडता) असल्याची खात्री करा.

दुसऱ्या कंपन्यांच्या सिमचं उत्तर जानेवारी २०२५ मध्ये आलं. केंद्राच्या डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरांवर ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू करण्यात आलं, म्हणजे एका कंपनीच्या टॉवरवर दुसऱ्या सहभागी कंपनीच्या ग्राहकालाही ४जी मिळावं. पण फोन आपलं घरचं नेटवर्क शोधत बसतो, म्हणून त्याला सांगावं लागतं. ‘डेटा रोमिंग’ चालू करा. ‘नेटवर्क ऑपरेटर’मध्ये ‘ऑटोमॅटिक’ बंद करा. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर फोन हलवू नका. मग त्या टॉवरच्या कंपनीचं नाव निवडा. ‘फॉरबिडन’ असं दिसलं तर त्या टॉवरवर तुमच्या कंपनीसाठी सोय सुरू झालेली नाही. तशी तक्रार दोन्ही कंपन्यांकडे, टॉवरचं गाव लिहून, करा. तालुक्याला गेल्यावर निवड पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर टाकायला विसरू नका, नाहीतर तिथे भर बाजारात फोन मुका होतो.

प्रश्न : लाइन गेली की दहा मिनिटांत रेंज जाते. कंपनी म्हणते बॅटरी बॅकअप आहे. मग असं का?
— सरपंच, मानोरा तालुका, जि. वाशिम

उत्तर : बॅकअप कागदावर आहे, बॅटरी संपलेली आहे. टॉवरची यंत्रणा ४८ व्होल्टवर चालते. ३०० अॅम्पिअर-तासांची नवी बॅटरी बँक म्हणजे १४.४ युनिट वीज. एका कंपनीचा भार १.२ किलोवॅट धरला आणि ८० टक्केच वापरायची ठरवली, तर साडेनऊ तास निघतात. त्याच बँकेची क्षमता ३० टक्क्यांवर आली की तीन तासही निघत नाहीत. दहा मिनिटं म्हणजे तिच्यात काही उरलेलंच नाही.

विदर्भात ती लवकर मरते, त्याची कारणं दोन. शिसं-आम्लाच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य दर १० अंश जास्त तापमानाला साधारण निम्मं होतं. इथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश, बंद पेटीत त्याहून जास्त. आणि रिकामी झालेली बँक भरायला दहा-बारा तास अखंड वीज लागते. टॉवर शेतीच्या फीडरवर असेल आणि वीज आठच तास येत असेल, तर ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि क्षमता उतरत जाते.

ग्रामपंचायतीने एक वही घालावी. ३० दिवस चार वेळा टिपा : लाइन गेली कधी, रेंज गेली कधी, लाइन आली कधी, रेंज आली कधी. लाइन येऊनही रेंज तासाभराने येत असेल, तर चार्जर किंवा टॉवरला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी मागची लिंक बिघडली आहे. लाइन असताना रेंज जात असेल, तर दोष विजेचा नाहीच. ही वही जोडून कंपनीकडे लेखी मागणी करा : बँक बदला, शक्यतो लिथियमची द्या, आणि वीजजोडणी शेतीच्या फीडरवरून गावठाण फीडरवर घ्या. तिसऱ्या मागणीसाठी महावितरणच्या उपविभागात तुम्हीही पाठपुरावा करा. गावठाण फीडरचा खांब किती मीटरवर आहे ते मोजून द्या. ‘रेंज येत नाही’ एवढ्या अर्जावर ‘तपासणी केली, सेवा सुरळीत’ असं उत्तर येतं. तारीख-वेळेच्या तीस ओळींवर ते लिहिणं अवघड जातं.

प्रश्न : रात्री आठनंतर फुल्ल रेंज असते, पण नेट चालत नाही. मुलीचा ऑनलाइन क्लास बुडतो.
— पालक, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : सिग्नल आणि वाट्याला येणारा वेग यांतला हा फरक आहे. १० मेगाहर्ट्झच्या ४जी वाहकावर एका सेक्टरला, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागाला, आदर्श स्थितीत ७५ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात सरासरी १५-२०. रात्री शंभर फोन व्हिडिओ बघू लागले की वाट्याला ०.२ एमबीपीएस येतो. साध्या व्हिडिओ क्लासलाही एक एमबीपीएस हवा. पहाटे पाचला आणि रात्री नऊला, एकाच जागी, तीन-तीन वेळा वेग मोजा. पहाटे झकास आणि रात्री ठप्प असेल तर गर्दी. दोन्ही वेळा सारखाच मंद असेल तर टॉवरची मागची लिंक अपुरी आहे. डीबीएम चांगला आणि एसआयएनआर ३-४ असेल, तर दोन टॉवर एकमेकांवर बोलताहेत. गर्दी असेल तर राउटरमध्ये ‘बँड लॉक’ करून कमी वापराचा बँड धरता येतो. फोनमध्ये ही सोय क्वचित असते. गावात फायबर आला असेल तर क्लाससाठी तेच घ्या, मोबाइलवर वेळ घालवू नका.

प्रश्न : गाव यादीत ‘कव्हर्ड’ आहे, पण आमच्या टोल्यावर (गावाबाहेरच्या वस्तीवर) काही येत नाही. टावर मागायचा कसा?
— ग्रामसभा सदस्य, कोरची तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ही तक्रार सगळ्यात जास्त पत्रांत आहे, आणि ती खरी आहे. याद्या महसुली गावाच्या असतात. गावठाणात एका जागी सिग्नल मिळाला की गाव ‘कव्हर्ड’ धरलं जातं; तीन किलोमीटरवरचा टोला, यवतमाळकडचा कोलामांचा पोड, वाशिमचा तांडा, मेळघाटातला ढाणा त्यात दिसतच नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी योजना मंजूर केली, तीत महाराष्ट्रही होता. विदर्भातले आकांक्षित जिल्हे गडचिरोली आणि वाशिम. जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची ४जी योजना आली. दोन्हींत मोजणीचं एकक गाव हेच आहे. त्यामुळे टोल्याला स्वतःचा पुरावा उभा करावा लागतो.

टोल्यावर पाच जागा निवडा : अंगणवाडी, हातपंप, दोन टोकांची घरं, रस्त्याचं वळण. प्रत्येक जागी प्रत्येक कंपनीच्या सिमवर डीबीएम मोजा, पडद्याचा फोटो घ्या आणि अक्षांश-रेखांश लिहा. ‘नो सर्व्हिस’चाही फोटो घ्या. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे द्यायचे, असा ट्राय या दूरसंचार नियामकाचा २०२४ चा नियम आहे. तुमचा टोला त्या नकाशात रंगवलेला असेल आणि प्रत्यक्षात सिग्नल नसेल, तर त्याचाही फोटो जोडा. हा कागद सगळ्यात वजनदार ठरतो.

मग ग्रामसभेचा ठराव करा. त्यात गावाचा जनगणना कोड, टोल्याची कुटुंबं आणि लोकसंख्या, जवळचा पक्का रस्ता आणि विजेचा खांब किती मीटरवर आहे, आणि देऊ करत असलेल्या जागेचा सर्व्हे नंबर असू द्या. बीएसएनएलच्या ४जी टॉवरसाठी गावात २०० चौरस मीटर जागा मोफत द्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला आहे, म्हणून जागा त्या मापाची दाखवा. उंचवटा निवडा, पण रस्त्यापासून तुटलेला नको. डिझेल आणि बॅटऱ्या वर न्याव्या लागतात. पुराचं पाणी कुठवर येतं तेही लिहा. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा दुरुस्तीचा माणूस पोचत नाही, आणि रेंजची गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

जागा वनजमीन असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वाचा. सरकार चालवणार असलेल्या ठरावीक सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, वनजमीन वळवता येते. त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्या आहेत आणि ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे. अभयारण्यात मात्र राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची वेगळी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दूरसंचार समितीकडे द्या, प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला आणि केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

प्रश्न : ‘तुमच्या शेतात टावर बसवतो, ४० हजार भाडं, आधी १५ हजार भरा’ असा मेसेज आलाय.
— आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : फसवणूक आहे. टॉवर लावणारी कंपनी जागामालकाला पैसे देते, मागत नाही. दूरसंचार विभाग किंवा ट्राय टॉवरसाठी ‘एनओसी’ देत नाहीत आणि कुठलीही फी घेत नाहीत. शिक्का असलेलं पत्र आलं तरी ते खोटं. पैसे भरले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येते. भरले नसतील तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तो मेसेज नोंदवा.

प्रश्न : पाइपवर राउटर लावायचा, पण आमच्याकडे विजा फार पडतात. गेल्या वर्षी शेजाऱ्याचा राउटर आणि टीव्ही दोन्ही गेले.
— कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भीती योग्य आहे. मोकळ्या वावरातला २५ फुटी पाइप हा आसपासचा सगळ्यात उंच धातू असतो. थेट पडलेल्या विजेपुढे घरगुती उपाय टिकत नाहीत, पण शंभर-दोनशे मीटरवर पडलेल्या विजेने केबलमध्ये उठणारा झटका अडवता येतो, आणि बहुतेक यंत्रं त्यानेच जातात.

पाइपापासून जाड तांब्याची तार किंवा जीआय पट्टी सरळ खाली आणा, वळसे देऊ नका. तीन मीटर लांबीची तांबं चढवलेली सळई जमिनीत ठोका. काळ्या मातीत खरी अडचण उन्हाळ्याची आहे. ओली असताना ही माती उत्तम अर्थिंग देते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि ती सळईपासून सुटते. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच येतात. म्हणून सळईभोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट भरा, कारण मिठाने जोड गंजतो, आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. ही अर्थिंग घराच्या अर्थिंगला तारेने जोडलेली असलीच पाहिजे. दोन्ही वेगळ्या राहिल्या तर दोघींमधला विजेचा फरक तुमच्या राउटरमधून वाट काढतो. शेजाऱ्याकडे हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. केबल आच्छादित कॅट-६ घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर लावा.

पाइपाचा पायाही काळ्या मातीला धरून करा. दोन फुटांचा खड्डा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात सुटतो आणि पाइप तिरका होतो. दोन अंश कलला तरी लांबच्या वायफाय लिंकची डिश चुकते. मुरूम लागेपर्यंत, किमान साडेतीन फूट खणा आणि काँक्रीटभोवती फूटभर मुरूम ठोकून भरा.

फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप ठेवा. जवळ विजा पडू लागल्याची सूचना आली की राउटरचा प्लग आणि वरून आलेली केबल, दोन्ही काढून ठेवा. गडगडाट डोक्यावर येऊन ठेपला असेल तर मात्र केबलला हात लावू नका, पाइपाजवळ जाऊ नका. राउटर जळाला तरी चालेल.